शुक्रवारी सोलर का बंद पडते? व्होल्टेज आणि अर्थिंगचा हिशेब

यंत्रमागाच्या शेडवर, पिठाच्या गिरणीवर, वर्कशॉपच्या पत्र्यावर सोलर पॅनेल बसवण्याकडे आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचा ओढा वाढला आहे. ही चांगली गोष्ट आहे. दिवसा चालणारा धंदा आणि दिवसा तयार होणारी वीज यांचा मेळ बसतो. परंतु सोलर घेताना आपले लोक तीनच प्रश्न विचारतात. किती किलोवॅट, किती रुपये आणि किती वर्षांत पैसे वसूल? अर्थिंग कसे करणार आणि आमच्या जागेवर भर दुपारी व्होल्टेज किती असते, हे कोणी विचारत नाही. विकणाराही आपण होऊन सांगत नाही, कारण जमिनीत पुरलेली नळी आणि तारेतला दाब या काही दाखवून विकण्याच्या वस्तू नव्हेत. मात्र सोलरमध्ये घातलेला पैसा वाया जाण्याची, आणि प्रसंगी माणूस दगावण्याची, कारणे याच दोन ठिकाणी दडलेली असतात. त्यांचा खुलासा आम्ही येथे शक्य तितक्या सोप्या भाषेत करीत आहोत. वायरमन बांधवांना यातील काही गोष्टी माहीत असतील. त्यांनी त्या आपल्या गिऱ्हाइकालाही समजावून सांगाव्यात.

जुम्याची दुपार

मालेगावातील माग शुक्रवारी बंद असतात. शेडवर सोलर बसवणाऱ्याचा हिशेब असा असतो की, सहा दिवस वीज मागांना लागेल आणि सातव्या दिवशी ती नेट मीटरमधून लाईनमध्ये जाऊन आपल्या खात्यावर जमा होईल. हिशेब चुकीचा नाही. पण तक्रार अशी येते की, शुक्रवारी बारा-एकच्या सुमारास, ऊन ऐन भरात असताना, इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असा संदेश दाखवून बंद पडतो. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. असे तीन वाजेपर्यंत चालते. शनिवारी माग सुरू झाले की तोच इन्व्हर्टर निमूटपणे काम करू लागतो. कारखानदार म्हणतो इन्व्हर्टर खराब दिला. विकणारा म्हणतो तुमच्याकडची लाईनच खराब आहे. वास्तविक इन्व्हर्टर त्याला सांगितलेले काम चोख करीत असतो.

घडते ते असे. आपल्या वस्तीला वीज पुरवणारी डीपी, म्हणजे रोहित्र, ११ किंवा २२ किलोव्होल्टची वीज खाली उतरवून देते. आपल्याकडील बहुतेक डीपी अशा बनवलेल्या असतात की, त्यांच्यावर काहीही भार नसताना दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट मिळावेत. म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २५० व्होल्ट. नाव २३० चे असले तरी सुरुवात २५० पासून का, तर भार पडला की डीपीत आणि तारांत काही व्होल्ट खर्ची पडतात आणि शेवटच्या दुकानापर्यंत २३० च्या आसपास पोहोचतात. ही मांडणी त्या काळची आहे, जेव्हा वीज फक्त डीपीकडून गिऱ्हाइकाकडे जात असे.

आता शुक्रवारची दुपार पाहा. माग बंद, सायझिंग बंद. भार जवळपास नाही, म्हणून व्होल्टेज वर चढलेलेच. त्यात शेडवरची पॅनेले पूर्ण जोरात वीज बाहेर ढकलत आहेत. पाणी जसे उंचावरून सखलाकडे जाते तशी वीज जास्त व्होल्टेजकडून कमीकडे जाते. म्हणून लाईनमध्ये वीज घालायची तर इन्व्हर्टरला आपले व्होल्टेज लाईनपेक्षा थोडे वर न्यावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे मात्र व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या ११० टक्क्यांवर गेले, तर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत लाईनपासून अलग झाले पाहिजे. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. एकीकडे डीपी रिकामी असताना २५०, दुसरीकडे इन्व्हर्टरची हद्द २५३. मधली जागा तीन व्होल्टची!

या तीन व्होल्टमध्ये आपली स्वतःची तारही वाटा मागते. एक उदाहरण घेऊ. एका दुकानावर सिंगल फेजचा ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर आहे. तो पूर्ण जोरात असताना सुमारे २२ अँपिअर करंट बाहेर जातो. दुकान खांबापासून ६० मीटर आत आहे आणि सर्व्हिस वायर १० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची आहे. अशा तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३ ओहम असतो. करंट फेजने जातो व न्यूट्रलने परततो, म्हणून लांबी १२० मीटर धरायची. रोध झाला ०.३७ ओहम, आणि २२ अँपिअरला व्होल्टेज चढले आठ. खांबावर २४६ असले तरी इन्व्हर्टरच्या टोकाला २५४ झाले, आणि तो बंद पडला. तीच तार २५ चौरस मिलिमीटरची असती तर चढ तीनच व्होल्टचा होता आणि इन्व्हर्टर चालत राहिला असता. लाखो रुपयांच्या सोलरमध्ये तारेचे काही हजार वाचवले जातात आणि ते पुढे वर्षानुवर्षे अंगावर येतात. थ्री फेज इन्व्हर्टरचे एक सुख असे की, करंट तीन तारांत वाटला जातो आणि तिन्ही फेज समान असले तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच परतत नाही. त्यामुळे थ्री फेज जोडणी असलेल्याने, स्वस्त मिळतो म्हणून, सिंगल फेजचा मोठा इन्व्हर्टर घेऊ नये.

नुकसान किती? महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर दिवसाला ढोबळमानाने चार युनिट देते. वीस किलोवॅटच्या शेडवर ऐंशी युनिट. भर दुपारचे तीन तास गेले तर त्यातील तीस-पस्तीस युनिट गेले. वर्षात ५२ शुक्रवार. म्हणजे दीड हजाराहून अधिक युनिट तयार होऊ शकत होते, पण झालेच नाहीत. नेट मीटरवर त्यांची नोंद नसते, म्हणून बिलातही हा तोटा दिसत नाही.

यावर उपाय कोणता? आधी दोष कोणाचा हे ठरवावे. एक साधी वही घ्यावी. एका शुक्रवारी आणि एका कामाच्या दिवशी, सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दर अर्ध्या तासाने दोन ठिकाणचे व्होल्टेज वायरमनकडून मोजून लिहून ठेवावे. एक मीटरजवळचे, दुसरे इन्व्हर्टरच्या टोकाचे. दोन्हींत चार-पाच व्होल्टचा फरक असेल तर मीटरपासून आतली तार बारीक आहे किंवा कोठेतरी जोड सैल आहे. तो आपला दोष आणि आपला खर्च. मीटरजवळच आकडा अडीचशेच्या वर असेल तर इन्व्हर्टर काही वेळ बंद करून पुन्हा मोजावे. बंद केल्यावर आकडा बराच खाली आला तर खांबापासूनची सर्व्हिस वायर बारीक आहे. तरीही चढाच राहिला तर प्रश्न डीपीचा. डीपीवर व्होल्टेज वर-खाली करण्याची टॅप असते आणि ती एक पायरी खाली घेता येते. मात्र ते काम वीज बंद करून वितरण कंपनीच्या माणसांनीच करायचे असते. मालेगाव व भिवंडीत वितरण फ्रँचायझी कंपन्यांकडे असल्याने तेथे अर्ज त्यांच्याकडे करावा. लेखी अर्ज, सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स, आणि अर्जावर पोहोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तोंडी सांगून लाईनमनच्या मागे फिरण्यापेक्षा आकड्यांची दोन पाने जास्त काम करतात, असे आमचे मत आहे. एक अडचण राहते. टॅप फार खाली घेतली तर शनिवारी सगळे माग सुरू झाल्यावर टोकाच्या शेडमध्ये व्होल्टेज अपुरे पडून मोटारी तापतात. म्हणून एकाच गल्लीतल्या कारखानदारांनी अर्ज मिळून केला तर बरे.

नवीन इन्व्हर्टरमध्ये आणखी एक सोय असते. व्होल्टेज हद्दीजवळ आले की एकदम बंद न पडता तो आपली वीज हळूहळू कमी करतो. अशी सोय असल्यास ती चालू करून घ्यावी. थोडी वीज जाते, सगळी जात नाही. पाण्याच्या टाक्या भरणे, बॅटरीवरच्या गाड्या चार्ज करणे अशी कामे शुक्रवारच्या दुपारी काढली तरी फरक पडतो.

एक उपाय मात्र करू नये, आणि नेमका तोच सर्रास केला जातो. इन्व्हर्टरमध्ये पासवर्ड टाकून २५३ ची हद्द २७० पर्यंत वाढवून देणारे कारागीर आहेत. गिऱ्हाईक खूश होते, इन्व्हर्टर बंद पडत नाही. पण आता त्या गल्लीत २६०-२६५ व्होल्ट खेळू लागतात आणि शेजाऱ्याचा फ्रीज, टीव्ही, पंख्याचा कंडेन्सर यांवर त्याचा भार पडतो. हे नियमबाह्य आहेच. शिवाय आपल्या नफ्यासाठी शेजाऱ्याच्या घरात नुकसान पाठवण्यासारखे आहे.

शेवटी न्यूट्रल. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाली किंवा तुटली तर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज तीनशेच्याही पुढे, अगदी चारशेच्या जवळ जाऊ शकते. दिवे कधी मंद, कधी लख्ख होऊ लागले की न्यूट्रलचा जोड त्याच दिवशी तपासून घ्यावा.

थंडीतील सकाळ

इथवर लाईनकडील व्होल्टेज पाहिले. पॅनेलकडचे व्होल्टेज हा निराळा विषय आहे आणि तो जास्त घातक आहे. एकामागोमाग एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. माळेत व्होल्टेजची बेरीज होते. आज बाजारात मिळणाऱ्या ५४० वॅटच्या पॅनेलचे, काही जोडलेले नसतानाचे व्होल्टेज साधारण ४९ ते ५० असते. वीस पॅनेलांची माळ म्हणजे ९९० व्होल्ट. आणि इन्व्हर्टरवर लिहिलेले असते, कमाल १००० व्होल्ट. कागदावर बसले!

पण पॅनेलच्या पाठीवर छापलेला आकडा २५ अंश तापमानाचा असतो. पॅनेल थंड झाले की व्होल्टेज वाढते, दर अंशाला पाव टक्क्याहून थोडे अधिक. नाशिक जिल्ह्यात थंडीच्या लाटेत निफाडकडे पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. पाच अंश म्हणजे वीस अंशांचा फरक, म्हणजे व्होल्टेज साडेपाच टक्क्यांनी जास्त. आपले ९९० झाले १०४५. सकाळी सातला कोवळे ऊन पडते, पॅनेल थंडगार असते, इन्व्हर्टर अजून सुरू व्हायचा असतो, आणि नेमक्या त्या घटकेला व्होल्टेज सर्वांत जास्त असते. कोवळ्या उन्हात करंट कमी असतो, व्होल्टेज मात्र जवळजवळ पूर्ण येते. हद्द ओलांडली की इन्व्हर्टरच्या आतले भाग निकामी होतात. इन्व्हर्टर स्वतः झालेल्या जास्तीत जास्त व्होल्टेजची नोंद ठेवतो आणि ती पाहून कंपनी वॉरंटी नाकारू शकते. या उदाहरणात माळ अठरा पॅनेलांचीच धरावी, म्हणजे थंडीतही ९४० च्या आसपास राहते. उरलेली दोन पॅनेले दुसऱ्या माळेत घ्यावीत.

उन्हाळ्यात उलटे होते. तापलेल्या पत्र्यावर पॅनेल ७० अंशांपर्यंत जाते आणि व्होल्टेज पडते. लांब माळेला त्याने फारसे बिघडत नाही. पण लहान दुकानावर चार-पाच पॅनेलांची आखूड माळ असेल तर मे महिन्यात ती इन्व्हर्टरच्या किमान हद्दीखाली जाऊ शकते. ऊन रणरणते आणि सोलर सुस्त, याचे एक कारण हे.

या डीसी विजेबद्दल वायरमन बांधवांना दोन शब्द. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून बटण बंद करताना उठलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. चालू माळेचा जोड ओढून काढला तर ठिणगीची ज्योत होते आणि ती पेटतीच राहते. मागाच्या शेडमध्ये सुताची बारीक धूळ सगळीकडे बसलेली असते, तेथे ही ज्योत काय करील ते सांगायला नको. म्हणून डीसीच्या डब्यात घरगुती एसीची एमसीबी कधीही बसवू नये; पुरेशा व्होल्टेजची डीसी एमसीबी किंवा आयसोलेटर हवा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लग दिसायला सारखे असले तरी एकमेकांत बसवू नयेत. आत पकड सैल राहते आणि जोड तापतो. फ्यूजवर तर अजिबात विसंबू नये. पॅनेलचा चालू करंट १३ अँपिअर आणि थेट शॉर्ट केल्यावरचा १४, मग फ्यूज उडणार कशाने?

अर्थिंग

अर्थिंगचा खड्डा खणला, कोळसा-मीठ घातले, तार सोडली की जीव सुरक्षित झाला, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अपुरी आहे. समजा, मागाच्या मोटारीत बिघाड होऊन फेज बॉडीला लागली. अर्थिंग चांगले आहे, पाच ओहमचे. तर जमिनीत फार तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर करंट जाईल. शेडमध्ये मुख्य एमसीबी ६३ अँपिअरची असेल तर ती पडणारच नाही. ३२ ची असली तरी तासभर तग धरू शकेल. तोवर मोटारीची बॉडी जिवंत आहे आणि मागावरचा माणूस तिला हात लावणार आहे. माणूस वाचतो तो अर्थिंग आणि आरसीसीबी यांच्या जोडीने. ज्याला आपण जुन्या नावाने ईएलसीबी म्हणतो ती ही वस्तू. माणसाचा हात लागतो अशा सॉकेटसाठी ३० मिलिअँपिअरची हवी. सोलर इन्व्हर्टरच्या एसी बाजूला मात्र ३० ची लावली तर ती विनाकारण पडत राहते, कारण पॅनेल आणि चौकट यांच्यामध्ये थोडा करंट नेहमीच झिरपत असतो. तेथे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारची, बहुधा १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची, लावावी.

आता पत्र्यावर चढू. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर कारखान्यातच एक पातळ थर चढवलेला असतो. हा थर वीज वाहू देत नाही. चौकटीवर नुसता नट-बोल्ट आवळून तार बांधली तर अर्थिंग झालेले दिसते, पण होत नाही. दातेरी वॉशर किंवा अर्थिंगची क्लिप वापरून तो थर खरवडला गेला पाहिजे. चौकटीवर अर्थिंगची खूण असलेले भोक असते, तेथेच जोड द्यावा. उघडे तांबे ॲल्युमिनियमला थेट लावले तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात जोड कुजतो. कल्हई केलेला लग आणि स्टीलचा बोल्ट लावावा. काम झाल्यावर मल्टीमीटरने सर्वांत लांबच्या पॅनेलची चौकट आणि खालची अर्थिंगची पट्टी यांच्यामधला रोध मोजावा. एक ओहमपेक्षा कमी यावा. या परीक्षेला दहा मिनिटे लागतात.

याचे महत्त्व पत्र्याच्या शेडला सर्वांत जास्त आहे. केबल चौकटीखाली चिरडली किंवा उंदराने कुरतडली तर चौकटीवर शेकडो व्होल्ट येतात, आणि चौकट पत्र्याला टेकलेली असते. पॅनेल धुण्यासाठी वर चढलेला पोरगा ओल्या पत्र्यावर अनवाणी उभा असतो. पॅनेलला बंद करण्याचे बटण नसते. मुख्य स्विच खाली पाडला तरी ऊन आहे तोवर वर वीज आहे. पहाटे, उजेड होण्यापूर्वी किंवा अगदी झुंजूमुंजू असताना पॅनेल धुवावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

खड्ड्यांविषयी. सोलरसाठी साधारणपणे तीन अर्थिंग करतात. एक पॅनेलच्या चौकटी व सांगाड्यासाठी, दुसरे इन्व्हर्टर आणि एसी डब्यासाठी, तिसरे लाइटनिंग अरेस्टरसाठी. तीन हवेत हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण ते एकमेकांपासून पूर्ण तुटलेले असावेत अशी समजूत पसरली आहे, ती धोक्याची आहे. आकाशातली वीज पडली आणि फक्त दहा हजार अँपिअर करंट पाच ओहमच्या खड्ड्यात गेला, तर तो खड्डा क्षणभर पन्नास हजार व्होल्टवर जातो. शेजारचा खड्डा शून्यावर असतो. हा फरक मग इन्व्हर्टरच्या आतून वाट काढतो. म्हणून खड्डे तीन आणि प्रत्येकाची खाली येणारी तार स्वतंत्र असली, तरी जमिनीत ते सर्व एका पट्टीने जोडलेले असावेत, म्हणजे सगळे एकदम वर जातील आणि एकदम खाली येतील. दोन खड्ड्यांत निदान तीन मीटर अंतर असावे. एप्रिल-मेमधील वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडण्याचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे, तेव्हा डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना एसपीडी, म्हणजे उसळी रोखणारे साधन, हवेच. त्यापासून अर्थिंगपर्यंतची तार शक्य तितकी आखूड हवी. एसपीडीला छोटी खिडकी असते. ती हिरव्याची लाल झाली की ते कामातून गेले. वर्षानुवर्षे लाल खिडकी घेऊन उभे असलेले डबे आम्ही पाहिले आहेत.

नळीचे माप भारतीय मानक ३०४३ मध्ये दिलेले आहे. लोखंडी जस्तलेपित नळी सुमारे ४० मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मीटरपेक्षा कमी लांबीची नसावी. दख्खनच्या जमिनीत हे सोपे नाही. वर काळी माती, दोन-तीन फुटांवर मुरूम, खाली काळा दगड. ठेकेदार दगड लागला की नळी कापतो आणि वरून सिमेंटचे झाकण बसवतो. नळी जमिनीत जाताना मालकाने समोर उभे राहावे. दगडच लागला तर एका खोल खड्ड्याच्या हट्टाऐवजी दोन-तीन खड्डे करून जोडावेत, किंवा बेंटोनाइट माती वापरावी. केमिकल रॉड घेताना तांब्याचा थर विचारावा. चांगल्या रॉडवर तो सुमारे २५० मायक्रॉनचा असतो. बाजारात नावापुरता मुलामा दिलेले रॉडही चकाकतातच. कोळसा-मिठाचा खड्डा वाईट नाही. पण मीठ लोखंडाला खाते आणि खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, एवढे लक्षात असावे. जुन्या शेडमध्ये अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला बांधलेली दिसते. नळ आता प्लास्टिकचे झाले, तार मात्र तशीच आहे. न्यूट्रललाच अर्थ म्हणून बॉडीला जोडण्याची खोड तर त्याहून वाईट. न्यूट्रल तुटली की सगळ्या मशीनच्या बॉडी एकदम जिवंत होतात.

तपासणी कशी करावी? आमचे वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब लावतात. बल्ब पेटला की अर्थिंग पास! हा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थिंग ५० ओहमचे, म्हणजे टाकाऊ असले, तरी वीस व्होल्ट कमी मिळून बल्ब पेटतोच. खरी परीक्षा अर्थ टेस्टरने, जमिनीत दोन खुंट्या ठोकून होते. सोलरच्या कामांत पाच ओहमपेक्षा कमी आकडा मागण्याची पद्धत आहे. आणि तो मे महिन्यात, माती कोरडी असताना घ्यावा. ऑगस्टमध्ये तर कोणताही खड्डा पास होतो.

बॅटरीवाले हायब्रिड इन्व्हर्टर घेणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावे. लाईन गेल्यावर बॅटरीवर चालताना त्याची न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेली राहते का? राहत नसेल तर त्या वेळेपुरती आरसीसीबी निरुपयोगी असते.

पहिला पाऊस पडला की

पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर ‘आयसोलेशन लो’ दाखवतो, दुपारी ऊन पडले की आपोआप सुरू होतो. दुकानदार म्हणतो, जाऊ द्या, चालतो आहे ना. हा इशारा आहे. आजचे ट्रान्सफॉर्मर नसलेले इन्व्हर्टर सकाळी सुरू होण्यापूर्वी पॅनेलची वीज जमिनीत कोठे झिरपते का ते तपासतात. कोठेतरी केबलची साल सोलली गेली आहे किंवा प्लगमध्ये पाणी शिरले आहे. ओल असेपर्यंत दोष दिसतो, सुकले की लपतो. सामान्य पीव्हीसी वायर उन्हात वापरली असेल तर काही वर्षांत ती तडकतेच. पत्र्यावर सोलरचीच केबल हवी. अशा इन्व्हर्टरमध्ये पॅनेलची प्लस किंवा मायनस तार अर्थला जोडायची नसते. अर्थ होतात त्या फक्त चौकटी. काही कारागीर मायनस अर्थ करून ठेवतात आणि मग दोष शोधत बसतात.

दोष कोणत्या पॅनेलपाशी आहे हे शोधण्याची एक युक्ती आहे. ती हजार व्होल्ट डीसीचा मीटर आणि रबरी हातमोजे असलेल्या जाणकारानेच वापरावी. इन्व्हर्टर बंद करून, आयसोलेटर पाडून, माळ सोडवावी. पंधरा पॅनेलांची माळ आहे आणि एकूण ६९० व्होल्ट येतात असे धरू. म्हणजे पॅनेलमागे ४६. आता मायनस आणि अर्थ यांच्यामध्ये मोजावे. माळ निरोगी असेल तर आकडा हळूहळू शून्याकडे जाईल. तो २३० वर टिकून राहिला तर २३० भागिले ४६ म्हणजे पाच. मायनसकडून पाचव्या आणि सहाव्या पॅनेलमधल्या जोडापाशी पाहावे. सगळी पॅनेले खाली उतरवण्याची गरज पडत नाही. एक दोष असेपर्यंत करंटला परतीची वाट नसते, म्हणून सारे ठीक वाटते. दुसऱ्या ठिकाणी साल गेली की वर्तुळ पूर्ण होते आणि आग लागते ती तेव्हा.

व्यवहाराचे बोलायचे तर, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतील अनुदान, ३ किलोवॅट व त्यावर ७८ हजार रुपये, हे राहत्या घरांसाठी ठरवले गेले. मागाच्या शेडला किंवा दुकानाला ते लागू नाही, तेव्हा अनुदानाचे आमिष दाखवून कोणी दर वाढवत असेल तर सावध राहावे. कोटेशन घेताना त्यात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: माळेत किती पॅनेले आणि पाच अंशांना त्यांचे व्होल्टेज किती, इन्व्हर्टर ते मीटर कोणती तार व किती मीटर, पूर्ण जोरात व्होल्टेजचा चढ किती, अर्थिंग किती व प्रत्येकाचा टेस्टरवरचा आकडा. शेवटचा दहा टक्के हप्ता या आकड्यांच्या सहीनिशी कागदावरच द्यावा, आणि शक्य असेल तर एक शुक्रवार मध्ये जाऊ द्यावा.